स्कॉट्सबरो खटला: हॉर्टन यांनी कुणाचीच निर्दोष सुटका केली नव्हती

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या या खटल्याबद्दल एक मजकूर बराच फिरतो आहे: 'बलात्काराच्या खोट्या आरोपात अडकलेल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोरे न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी १९३३ साली निर्दोष सोडलं आणि न्याय झाला.'

आधी ते 'नऊ'. मार्च १९३१ मध्ये मालगाडीतून पकडलेले नऊ जण होते, पण हॉर्टन यांच्यापुढे खटला चालला तो एकट्या हेवूड पॅटरसनचा.

'निर्दोष सोडलं' हे तर साफ चूक. ज्युरीने पॅटरसनला देहदंड ठोठावला. २२ जूनला हॉर्टन यांनी तो निकाल रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. म्हणजे आरोप कायम आणि आरोपी तुरुंगातच.

हॉर्टन यांचं मोठेपण त्यांच्या निकालपत्रात आहे. फिर्यादी व्हिक्टोरिया प्राइस हिचा शब्द न् शब्द त्यांनी डॉक्टरांच्या साक्षीशी ताडून पाहिला. ती म्हणत होती, धारदार खडीवर पाडून सहा जणांनी अत्याचार केला, डोक्यात पिस्तुलाचा दस्ता मारला, रक्त आलं. दोन तासांच्या आत तपासणाऱ्या डॉक्टरांना डोक्यावर जखम दिसली नाही. पाठीवर किरकोळ ओरखडे होते आणि नाडी, श्वास नेहमीसारखे. दुसरी फिर्यादी रूबी बेट्स हिने तर भर कोर्टात आरोपच फिरवला होता. हे सगळं अलाबामात त्या काळी लेखी मांडणं सोपं नव्हतं. १९३४ च्या निवडणुकीत हॉर्टन यांचं पद गेलं.

तरी त्यांना देवत्व देऊ नका. ज्युरीच्या यादीत कृष्णवर्णीय नाहीत, हा बचावपक्षाचा आक्षेप त्यांनीच फेटाळला होता. एका तरुण डॉक्टरने आपल्याला खासगीत 'या बायका खोटं बोलताहेत' असं सांगितलं होतं, हे पुढे हॉर्टन यांनीच सांगितलं. त्याला साक्षीला मात्र त्यांनी उभं केलं नाही.

राहिला 'न्याय झाला' हा दावा. खटले न्यायाधीश कॅलहन यांच्याकडे गेले आणि पॅटरसनला पुन्हा देहदंड झाला. १ एप्रिल १९३५ ला सर्वोच्च न्यायालयाने ज्युरीतल्या वर्णभेदावर बोट ठेवलं. ज्युरीच्या नोंदवहीत कृष्णवर्णीयांची नावं मागाहून घुसडल्याचं न्यायमूर्तींनी भिंगातून पाहिलं होतं. १९३७ मध्ये चौघांवरचे आरोप मागे घेतले गेले, बाकीचे आतच राहिले. अँडी राइट १९५० मध्ये बाहेर आला. त्याला, पॅटरसनला आणि चार्ली वीम्सला अलाबामाने माफी दिली ती २०१३ मध्ये, तिघेही वारल्यानंतर.