आधी बोट, मग बोगदा

गणपती जवळ आले की आमच्या गुहागरकडच्या नातेवाइकांत वाद पेटतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं आणि चाकरमानी अजून खड्डे मोजतोय, यावर सगळ्यांचं एकमत. भांडण पुढच्या गोष्टीवर. एक गट म्हणतो, रेवस-रेड्डी सागरी मार्गावरचे खाड्यांवरचे पूल आधी बांधा. दुसऱ्याला मुंबईहून पूर्वीसारखी बोट हवी. शेवटी कुणीतरी मला ओढतंच: "तू नॉर्वेत आहेस ना, तिकडे समुद्राखालून बोगदे काढतात. सांग यांना."

बोगदे आहेत, खरं आहे. स्टाव्हांगरच्या उत्तरेला 'रोगफास्ट' हा सुमारे 27 किलोमीटरचा बोगदा समुद्रसपाटीखाली 390 मीटरपर्यंत उतरणार आहे. पण याच बोगद्याचं काम 2019 मध्ये खर्च हाताबाहेर गेला म्हणून सरकारने थांबवलं होतं. आता 2033 सालाची भाषा आहे. म्हणजे रखडण्यात हेही काही कमी नाहीत. फरक इतकाच, की बोगदा होईपर्यंत कुणाचं अडत नाही, कारण तिथे बोट आहे.

क्रिस्तियानसान ते ट्रॉन्डहाइम हा ई-39 महामार्ग सुमारे 1100 किलोमीटरचा, आणि आजही त्यात सात ठिकाणी गाडी बोटीत घालावी लागते. सोग्नेफ्योर्डवर लाव्हिकच्या धक्क्याला पोचलात की रांगेत उभं राहायचं. नंबरप्लेट कॅमेरा वाचतो, पैसे परस्पर खात्यातून जातात. वीसेक मिनिटांत पलीकडे ओप्पेडाल. तेवढ्यात वर जाऊन 'स्वेले' खायचा, आपल्या गोड घावनाचा जाडजूड भाऊ. गाड्या वाहणारी जगातली पहिली पूर्ण विजेवरची फेरीबोट 2015 मध्ये याच मार्गावर सुरू झाली. पण मला अप्रूप विजेचं नाही. राष्ट्रीय महामार्गावरच्या बहुतेक फेऱ्यांना चालत येणाऱ्याला तिकीटच नाही. बोट हा महामार्गाचाच तुकडा, मग पायी जाणाऱ्याकडून भाडं कशाचं घ्यायचं? कंपनी खाजगी असते, पण वेळापत्रक करारात बांधलेलं. बर्गन-स्टाव्हांगर बस तर प्रवाशांसकट बोटीत चढते.

लांबच्या किनारी बोटीचंही तेच. 1893 साली सुरू झालेली ही सेवा आज बर्गन ते किर्केनेस 34 बंदरं घेते. पर्यटक तिच्यात भरमसाट पैसे मोजून केबिन घेतात, पण सरकार पैसे देतं ते बारमाही सेवेसाठी: छोट्या गावच्या माणसाला आणि मालाला बोट मिळावी म्हणून. उत्तरेत ती लागतेच. ट्रोम्सोला रेल्वे नाही.

आता कुणी म्हणेल, तिकडे पावसाळा नाही. खरंय, खुल्या समुद्रातली मुंबईची बोट आपल्याकडे पावसाळ्यात चालणं कठीण. वादळ आलं की नॉर्वेतल्याही फेऱ्या रद्द होतात. पण दाभोळ-धोपावे, बाणकोटची खाडी, दिघी-आगरदांड्याची जंगलजेटी (गाड्या नेणारी फेरीबोट) हा खुला समुद्र नव्हे. दाभोळच्या फेरीने चिपळूणचा केवढा वळसा वाचतो, हे गुहागरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ती चालवणारा खाजगी माणूस आपल्या हिमतीवर चालवतो. सरकारी नकाशावर रस्ता मात्र खाडीच्या काठाशी येऊन संपतो, आणि जेटीवर उतरल्यावर पुढची एसटी कधी, हे रिक्षावाल्याला विचारावं लागतं.

गोव्याने हे बऱ्याच अंशी जमवलंय. तिथे नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी आहेत आणि पायी माणूस फुकट नदी ओलांडतो. त्यासाठी नॉर्वेसारखा तेलाचा पैसा लागला नाही.

म्हणून पूल की बोट या भांडणात मी पुलाच्या विरोधात नाही. पूल व्हावेत. पण पहिला पूल उभा राहीपर्यंत दोन-चार निवडणुका होतील. तोवर दाभोळ, बाणकोट आणि दिघीच्या फेऱ्या रस्त्याच्या बजेटमध्ये घ्या, पायी माणसाचं तिकीट काढून टाका, रात्रीची शेवटची फेरी किती वाजता ते करारात लिहून घ्या आणि त्या वेळेला जेटीवर एसटी उभी करा. ग्रुपवर हे लिहिलं तर काकांनी विचारलं, "मग बोगदा कधी?"