खुलासा: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस

‘परदेशी न्यायच्या कुत्र्या-मांजराला रेबीजची लस दिलेली असली की झालं, मायक्रोचिप निघायच्या आठवड्यात बसवली तरी चालते’ असा एक संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी प्राण्याचा प्रवास काही महिने लांबू शकतो.

युरोपीय संघाचा नियम असा: चिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळख-क्रमांकाची बारीक चकती, लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी बसलेली हवी. कारण साधं आहे. चिपचा १५ अंकी क्रमांक नसेल, तर लस याच प्राण्याला टोचली हे सिद्ध होत नाही. मग आधीची लस धरत नाहीत, चिपनंतर पुन्हा द्यावी लागते. पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं, आणि पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबायचं.

रेबीजचा धोका जास्त मानलेल्या देशांतून युरोपीय संघात जाताना प्रतिपिंडांची (लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या संरक्षक घटकांची) रक्तचाचणीही लागते. रक्त लसीनंतर किमान ३० दिवसांनी घ्यायचं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच तपासायचं, निकाल मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक यायला हवा. त्यानंतर ३ महिन्यांची वाट, आणि ती रक्त घेतल्याच्या तारखेपासून मोजतात, अहवालाच्या नव्हे. इथे बरेच जण चुकतात. बूस्टरची (लसीच्या पुढच्या डोसची) तारीख एक दिवसही हुकवू नका. हुकली तर चाचणीही पुन्हा करावी लागते.

जपानला जायचं असेल तर ही वाट १८० दिवसांची. लस देण्याआधी डॉक्टरांना स्कॅनरवर क्रमांक वाचायला सांगा आणि तो प्रत्येक कागदाशी अंकन्‌अंक ताडून पाहा.