सोन्याची कॅप, आजीचं वेढणं आणि समोरचा दात: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

आमच्या दातांच्या दवाखान्याबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. पेशंटची फाइल आणि एक्स-रे गोपनीय असतात, त्यामुळे तुम्ही स्वतः इथे जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलते. तुमच्या तक्रारी तीन आहेत. दाढेच्या कॅपला २२ कॅरेटऐवजी हलकं सोनं वापरून आम्ही फसवलं, आजीचं वेढणं वितळवून वापरायला नकार दिला, आणि समोरच्या चांगल्या दातावर सोन्याची कॅप बसवून दिली नाही. ‘मॅडम जुन्या विचारांच्या आहेत, जगात काय फॅशन चाललीय ते त्यांना माहीत नाही,’ असंही तुम्ही लिहिलंय.

आधी फसवणुकीचं, कारण तो शब्द फार लागला. कॅपसोबत दिलेल्या कार्डावर ‘सोनं ७४ टक्के’ असं छापलेलं आहे आणि तेच कार्ड तुम्ही सराफाला दाखवलंत. सराफाने हिशेब बरोबर सांगितला, ते १८ कॅरेटच्याही जरा खालीच येतं. पण २२ कॅरेटचं सोनं, म्हणजे ९१.६ टक्के, दाढेसाठी फार मऊ पडतं. रोजच्या चावण्याने ते चेपतं, झिजतं, कडा दातापासून सुटतात. म्हणून दातांच्या सोन्यात चांदी, तांबं, पॅलेडियम आणि थोडं जस्त मिसळतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या वर्गवारीत सगळ्यात वरच्या गटासाठी सोनं किमान ४० टक्के आणि सोन्यासकट सगळे मौल्यवान धातू मिळून किमान ६० टक्के लागतात. तुमच्या कॅपमध्ये नुसतं सोनंच त्याहून जास्त आहे. धातूचं वजन, दर आणि लॅबची मजुरी बिलात वेगवेगळी लिहिलेली आहे.

दाढेला सोनं मीच सुचवलं होतं आणि पुन्हाही सुचवेन. सोन्याची कॅप पातळ असली तरी टिकते, त्यामुळे सिरॅमिकच्या मानाने दाढ कमी घासावी लागते. चावताना तिच्यावर टेकणारी दाढ तिच्यामुळे फारशी झिजत नाही. आणि कड घासून-दाबून दाताशी इतकी मिळवता येते की प्रोब, म्हणजे दात तपासायची टोकदार सळई, फिरवली तर कुठे अडकत नाही. पांढऱ्या कॅपच्या जमान्यात हे काम मागणारे कमी झालेत, याचं मला वाईट वाटतं.

आता वेढणं. सराफ कस लावतो तेव्हा सोनं किती आहे ते कळतं, बाकी काय मिसळलंय ते कळत नाही. दागिन्याच्या टाक्यात, म्हणजे जोड सांधायच्या धातूत, कॅडमियम असू शकतं, बाजारात ज्याला केडीएम म्हणतात तेच ते. कॅडमियम विषारी आहे. वितळवताना त्याची वाफ लॅबमधल्या माणसाच्या छातीत जाते आणि उरलेलं तुमच्या तोंडात राहतं. ज्या धातूत काय काय आहे ते लेखी माहीत नाही, तो मी कोणाच्याही तोंडात बसवणार नाही.

समोरच्या दाताबद्दल माझं म्हणणं बदललेलं नाही. कायमची कॅप बसवायची तर चांगला दात चहूबाजूंनी घासावा लागतो. समोरच्या दातावर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, जेमतेम मिलिमीटरभर असतं, हिरडीजवळ त्याहून पातळ, आणि एकदा गेलं की परत येत नाही. तुमच्या आजोबांना सोन्याचा दात होता, तेव्हा कोणी अडवलं नाही, असं तुम्ही म्हणता. त्या काळात पातळ पत्र्याच्या कॅपा सर्रास बसवल्या जायच्या. तशा कॅपा मी काढल्या आहेत. कडेला फट, आत कुजलेल्या अन्नाचा थर, आणि खाली तपकिरी, मऊ पडलेला दात. बाहेरून मात्र सोनं तसंच चकचकीत.

फॅशन मला माहीत आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८०च्या दशकात एडी प्लेन यांनी सोन्याचे दात बनवायचं दुकान काढलं, पुढे ते अटलांटाला गेले आणि रॅप गायकांमुळे ‘ग्रिल्झ’, म्हणजे दातांवर बसवायची सोन्याची आवरणं, जगभर पोचले. तिथेही पुढे काढ-घाल करता येणारे ग्रिल्झच जास्त चालले. त्याच्याही कितीतरी आधी, प्राचीन इटलीत एट्रुस्कन नावाच्या लोकांमधल्या श्रीमंत बायका पुढच्या दातांना सोन्याच्या पट्ट्या लावायच्या. काही अभ्यासकांच्या मते त्यासाठी चांगले दात मुद्दाम काढले जायचे. त्या सांगाड्यांबद्दल वाचताना माझ्यातल्या डॉक्टरला आजही त्रास होतो. हौस असू नये असं मी म्हणत नाही, हौसेसाठी निरोगी दात मी कापणार नाही एवढंच.

तुम्हाला त्याच दिवशी एक पर्याय सांगितला होता, रिव्ह्यूत तो आलेला नाही. दात न घासता, माप घेऊन, काढता येईल अशी सोन्याची टोपी लॅबमधून बनवून मिळते. लग्नाला, फोटोला घाला. जेवताना आणि झोपताना काढायची, रोज ब्रशने आतून-बाहेरून धुवायची, कारण आत अन्न अडकलं तर कीड तिथेच लागते. टोपी घरच्या घरी गोंदाने चिकटवायची नाही. हे मान्य असेल तर माप घ्यायला या. येताना कार्डही आणा, त्यावरच्या प्रत्येक धातूचं काम काय ते तुमच्या सराफाला घेऊन आलात तरी समोर बसून सांगते.