सोनेरी वानराला केळं नकोच

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपांवरून आला. निळ्या चेहऱ्याच्या, केशरी केसांच्या माकडाचा फोटो आणि खाली मजकूर: हिमालयाच्या पायथ्याचा हा दुर्मिळ सोनेरी वानर जगात फक्त भारतात आढळतो, 1953 साली इंग्रजांनी तो शोधला, बिचारा नुसत्या पाल्यावर जगतो, तेव्हा तिकडे गेलात तर केळी-बिस्किटं न्या, मारुतीराया प्रसन्न होईल.

सुरुवात फोटोपासूनच करू, कारण तोच चुकलाय. निळ्या चेहऱ्याचं, बसक्या नाकाचं ते माकड मध्य चीनच्या डोंगरातलं. आपल्या सोनेरी वानराचं तोंड काळं कुळकुळीत असतं. अंगाचा रंगही ऋतूप्रमाणे पालटतो: उन्हाळ्यात दुधावरच्या सायीसारखा फिका, हिवाळ्यात गडद, तांबूस सोनेरी.

'फक्त भारतात' हे अर्धं खरं. पश्चिमेला संकोश नदी, पूर्वेला मानस, दक्षिणेला ब्रह्मपुत्रा आणि उत्तरेला भूतानचे काळे पर्वत, एवढंच त्याचं जग. म्हणजे निम्मं घर भूतानात. 2024 मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार भारतात, म्हणजे आसामात, अंदाजे 7,396 वानर आहेत. भूतानात अडीच हजारांच्या आसपास.

इंग्रजांनी शोधला? आसामातला चहामळेवाला ई. पी. गी याने 1953 मध्ये संकोशकाठी त्याला पाहून जगाचं लक्ष वेधलं, हे खरं. पण स्वतंत्र जाती म्हणून शास्त्रीय वर्णन केलं ते खजुरिया या भारतीय प्राणिशास्त्रज्ञाने, 1956 मध्ये. नाव गीचं दिलं एवढंच. आणि तिथल्या गावकऱ्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या दिसत होताच. असमियात त्याला सोनाली बान्दर म्हणतात.

आता केळ्यांकडे वळतो. चुकीचा फोटो कुणाला मारत नाही, केळं मारू शकतं.

मराठीत काळतोंड्या वानर वेगळा आणि लालतोंडं माकड वेगळं, हा भेद आपण सहज करतो. पोटाच्या बाबतीतही तो नेमका लागू पडतो. माकड हाती येईल ते खातं आणि गालाच्या पिशवीत कोंबतं. वानराला ती पिशवीच नसते. त्याच्या पोटात गाईसारखे कप्पे असतात, तिथले जिवाणू पाला आंबवतात आणि त्यातून ताकद मिळते. त्यामुळे पाल्यावर जगणारा 'बिचारा' नव्हे. शिवाय तो कोवळी पानं, कळ्या, बिया, कच्ची फळं निवडून खातो. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना लग्नाच्या पंगतीतलं उरलंसुरलं खाऊन फुगलेली गाय आठवेल. गोड, पिठूळ अन्नाने कप्प्यातलं आम्ल वाढतं आणि जिवाणूंची घडी विस्कटते. बिस्किटांच्या पुड्याने वानराचं तेच होतं.

याचा दाखला गुवाहाटीतच आहे. ब्रह्मपुत्रेतल्या उमानंद बेटावर, शिवमंदिराच्या परिसरात, 1980च्या दशकात सोनेरी वानर आणून सोडले. ते वाढले, भाविकांच्या हातचं केळं-पाव-बिस्किट खात राहिले, मग घटत गेले. एकट्या बिस्किटांवर खापर फोडता येणार नाही. बेट चिमुकलं, खायची झाडं थोडी, आपसातल्याच संकराने वंशही कमजोर. पण भाविकांच्या प्रेमाने ते तगले नाहीत, एवढं नक्की.

मारुतीरायाचं म्हणाल, तर आपल्या घाटांतही गाड्या थांबवून वानरांना वेफर्स देणारे भक्त रोज दिसतात. मग तीच वानरं रस्त्यावर बसायला शिकतात आणि चाकाखाली येतात.

फॉरवर्डमधला 'दुर्मिळ' हा शब्द मात्र बरोबर. कारण उपासमार नाही, जंगलाचे झालेले तुकडे आहेत. बोंगाईगाव जिल्ह्यातल्या काकोइजानासारख्या टेकडीवरचे कळप चहूबाजूंनी शेतं, गावं आणि रस्त्यांनी वेढलेत. झाडाच्या शेंड्यावरून पुढच्या झाडावर जाणाऱ्या या प्राण्याला फांदीची सलगता तुटली की जमिनीवर उतरावं लागतं, नाहीतर विजेच्या तारेला हात घालावा लागतो.