अशोक वाचवायला नुसती कुदळ पुरते?

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तीनदा आलेला फॉरवर्ड थोडक्यात असा: सीता अशोक धोक्यात आहे ही थाप आहे, नाशकात तो गल्लोगल्ली दिसतो. शास्त्रज्ञ त्याच्यात ‘जेनेटिक मार्कर’ घालून बीटी कापसासारखं त्याचं वाटोळं करणार. खरी साल वैद्याला नजरेने कळते. डीएनएची माहिती बाहेर पडली की परदेशी कंपनी पेटंट घेणार. तेव्हा लॅब सोडा, कुदळ घ्या, रोपं लावा. खाली जोडलेले हात, वर झाडाचा फोटो.

फोटोपासूनच सुरुवात करते, कारण तो सीता अशोकाचा नाहीच. सोसायटीच्या कंपाउंडला, शाळेच्या फाटकाशी पहारेकऱ्यासारखं उभं असतं ते उंच, नागमोडी कडांच्या पानांचं झाड आहे ते. त्यालाही लोक अशोकच म्हणतात, पण ते सीताफळाच्या कुळातलं. खरा सीता अशोक शेंगांच्या कुळातला: संयुक्त पान, लोंबती तांबूस पालवी, जून फांद्यांवर थेट फुटणारे केशरी-तांबडे गुच्छ. गल्लोगल्ली आहे तो पहिला. दुसरा आपल्याकडे कुणी हौसेने बागेत लावला असेल तर. रानात तो सह्याद्रीतल्या ओढ्याकाठच्या सावलीत वाढतो आणि साल सोलून सोलून तिथे विरळ झालाय. निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संघटनेने त्याची नोंद 1998 सालीच ‘असुरक्षित’ म्हणून केली.

मग नजरेने ओळखण्याचं काय? झाड उभं असेल तर वैद्यच कशाला, माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीही ओळखतात. पण अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधाला लागते ती साल. ती गोळा करणारा एक, विकत घेणारा दुसरा, कुटणारा तिसरा. जुन्या नाशकातल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात मी अशोकाची साल मागितली तर पूड मिळाली. अशोकाचीच कशावरून, विचारलं. दुकानदार भला माणूस, खोटं बोलला नाही. म्हणाला, “ताई, पोत्यावर अशोक लिहिलंय.” अशोकाच्या सालीत त्या कंपाउंडवाल्या उंच ‘अशोका’ची भेसळ होते हे औषधवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. पुडीतल्या डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून दोन्हीतला फरक सांगता येतो, त्याला डीएनए बारकोड म्हणतात. अर्थात उकळून, आंबवून झालेल्या अरिष्टात डीएनएचा पार भुगा झालेला असू शकतो, तिथे रासायनिक तपासणीच हवी. फॉरवर्डवाल्यांनी हा आक्षेप घेतला असता तर मी मान डोलावली असती.

बीटीचं एका दमात संपवते. बीटी कापसात मातीतल्या एका जिवाणूचं जनुक बाहेरून घातलेलं असतं. मार्कर म्हणजे डीएनएतली ओळखखूण. तो घालायचा नसतो, तो झाडात आधीपासून असतो, आपण फक्त वाचतो. तलाठ्याने सातबारा वाचला म्हणून रानातल्या मेथीचा कांदा होत नाही.

वाचतात कसं, तेही सांगते. पान सिलिका जेलच्या पुडीत वाळवायचं, खलात बारीक करायचं, सीटॅब नावाच्या साबणासारख्या द्रावणात साधारण 60-65 अंशांवर ठेवायचं. अशोकात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर. मुलींनी पहिल्यांदा केलं तेव्हा नळीत कोरा चहा तयार झाला होता. जमलं की क्लोरोफॉर्मने गाळसाळ काढायची, वरच्या पाण्यात गार आयसोप्रोपॅनॉल सोडायचं आणि कापसाच्या तंतूसारखा डीएनए दिसतो. डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्यात काही जागी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, GAGAGAGA अशी. कुठल्या झाडात बारा वेळा, कुठल्यात सतरा वेळा. हाच मायक्रोसॅटेलाइट मार्कर. बारकोड जात सांगतो, हा त्या जातीतलं कुठलं झाड कोणाच्या किती जवळचं ते सांगतो.

‘रोपं लावा, झालं’ याला उत्तर इथेच आहे. नाशिककरांना द्राक्षाचं उदाहरण पुरे. सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश ही सगळी वाणं थॉम्पसन या एकाच वाणातून निवडलेली. बागेतला प्रत्येक वेल दुसऱ्याची नक्कल. म्हणून डावण्या रोग आला की एका वेलावर थांबत नाही. द्राक्षाला फवारायला शेतकरी असतो. रानातल्या अशोकाला कोण फवारणार? एकाच झाडाच्या बियांची हजार रोपं लावली तर आकडा हजाराचा, पण सगळी एका आईची लेकरं. पुढे त्यांची आपसातच बीजधारणा झाली की वंश आतून कमजोर होत जातो. हे वरून दिसत नाही, रोपं हिरवीगारच असतात.

बरं, बिया डब्यात भरून ठेवू म्हणाल, तर तेही जमत नाही. अशोकाची बी सुकली की जीव सोडते; गव्हासारखी कोरडी करून बीजपेढीत वर्षानुवर्षं टिकवता येत नाही. म्हणजे जिवंत झाडंच जपायची. जागा पन्नास झाडांची आणि निवडायची शेकड्यांतून. कोकणातल्या एका ओढ्यावरची सगळी घ्यायची, की दहा ओढ्यांवरची पाच-पाच? डोळ्यांना सगळे अशोक सारखेच. एका ओढ्यावरची झाडं एकमेकांची भावंडं निघाली तर त्यातली दोन पुरतात, वाचलेली जागा दुसऱ्या ओढ्याला. ही निवड मार्करवर करता येते. कुदळ लागतेच, पण खड्ड्यात काय जाणार हे ठरल्यावर.

पेटंटची भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत 1995 साली पेटंट दिलं गेलंच होतं. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने, डॉ. माशेलकर तिचे प्रमुख असताना, जुने ग्रंथ, जुने लेख पुढे ठेवले आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. म्हणजे कामी आली ती लेखी नोंद. लॅबला कुलूप लावून नोंद होत नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर एका काकांनी अंगठा दिला आणि विचारलं, “मग रोपं आणायची की नाही?” म्हटलं, आणा, फक्त बी कुठलं ते विचारून या. रविवारी ते गंगापूर रोडच्या बाजूच्या एका नर्सरीत जाऊन आले. रोप खऱ्या अशोकाचंच होतं, फोटो पाठवला. कुठून आलं विचारल्यावर नर्सरीवाला म्हणाला, आंध्रातून, कडियमहून. आणि कडियमला कुठून?

“ते काय माहीत काका, आमच्याकडे गाडीतून येतं.”