बियाण्याच्या पाकिटावर मुदत असते, मोबाइलच्या खोक्यावर का नसावी?

कपाशीच्या बियाण्याचं पाकीट हातात घेतलं की आपण आधी तपासणीची तारीख आणि वैधता बघतो. पंधरा हजारांच्या मोबाइलच्या खोक्यावर मात्र मेगापिक्सेल, रॅम, बॅटरी सगळं ठळक. सुरक्षा अपडेट, म्हणजे फोनमधल्या सुरक्षेच्या फटी बुजवणारी दुरुस्ती, कोणत्या महिन्यापर्यंत मिळणार, एवढंच शोधावं लागतं.

आणि 'तीन वर्षं अपडेट' यातली मेख अशी की बहुतेकदा हिशेब मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून चालतो, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. जून २०२३ मध्ये आलेलं मॉडेल भाव उतरला म्हणून २०२५ च्या दिवाळीत जळगावच्या गोलाणी मार्केटातून घेतलं, तर हातात उरले आठ महिने. बाकीची मुदत दुकानाच्या फळीवरच सरली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : मुदत शेवटचा नग विकला गेल्यापासून मोजा, ती किमान ५ वर्षं ठेवा आणि संपण्याचा महिना खोक्यावर छापा. हे काही आकाशातलं मागणं नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्री थांबल्यावरही ५ वर्षं अपडेट देण्याचा नियम लागू आहे. गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ ला ७ वर्षांचं आश्वासन आहे. ते महागडे फोन, असं कुणी म्हणेल. पण वीस हजारांच्या आत आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी लाही ६ वर्षांचं आहे. २०१३ च्या आयफोन ५एसला तर जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षा पॅच, म्हणजे असंच सुरक्षा अपडेट, मिळाला होता.

कंपन्यांची अडचण खोटी नाही. फोनमधल्या चिपचे ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, चिप बनवणारा देतो. त्यानं हात वर केले की फोनवाल्याला ते काम स्वतः ओढावं लागतं आणि प्रत्येक मॉडेलवर वेगळी चाचणी घ्यावी लागते. पण मग दर दोन-तीन महिन्यांनी नावात एक अक्षर बदलून नवं मॉडेल काढायला कुणी सांगितलं?

एक गल्लत मात्र आपणही करतो. नवं अँड्रॉइड वेगळं, सुरक्षा पॅच वेगळा. ३-४ जीबी रॅमच्या फोनला दरवर्षी नवं अँड्रॉइड चढवलं तर तो रखडतो. स्वस्त फोनला दोनच आवृत्त्या द्या, चालेल. पॅच मात्र थांबवू नका.

आपल्या फोनचं बघायचं तर सेटिंग्ज, अबाउट फोन, अँड्रॉइड व्हर्जन (काही फोनांत नाव थोडं वेगळं). तिथे दोन तारखा दिसतील. 'गूगल प्ले सिस्टीम अपडेट'ची तारीख ताजी बघून फसू नका. त्यात अँड्रॉइडचे काही भागच येतात. चिपचे ड्रायव्हर आणि कर्नल (अँड्रॉइडचा गाभा) यांची दुरुस्ती 'सिक्युरिटी पॅच'मधून येते. ती तारीख वर्षभर जुनी असेल आणि 'चेक फॉर अपडेट' दाबूनही काही येत नसेल, तर फोन वाऱ्यावर सोडलाय असंच समजा. व्हॉट्सअ‍ॅप चालतंय हा पुरावा नव्हे. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ वरही व्हॉट्सअ‍ॅप कितीतरी वर्षं चालत राहिलं!

अपडेट अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे भरलेलं स्टोरेज. सुप्रभातचे फोटो-व्हिडिओ काढून ५-६ जीबी मोकळे करा, चार्ज निम्म्याच्या वर ठेवा आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हे काम रात्री करा. पंचेचाळीस अंशांत तापलेला फोन चार्जिंगला लावून अपडेट करणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य जाळणं. बॅटरीवरून आठवलं : ७ वर्षं अपडेट देणार आणि चौथ्या वर्षी मूळ बॅटरीच मिळणार नाही, तर ते आश्वासन कागदावरच राहतं. युरोपच्या नियमात सुट्या भागांचीही मुदत आहे, ती याचसाठी.

कस्टम रॉम, म्हणजे कंपनीबाहेरच्यांनी बनवलेलं अँड्रॉइड, टाकून फोन जगवता येतो, पण त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारं, कुलूपबंद सॉफ्टवेअर) उघडला की बरीच बँकिंग अ‍ॅप चालायला नकार देतात. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर तो उद्योग नको. आणि 'पीएम किसान'च्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (अ‍ॅप टाकायची फाइल) स्वतःच्या हातानं टाकली, तर ताज्या पॅचचाही फार उपयोग नाही.

पॅच बंद झालेल्या फोनमधून बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप काढा, बँकेशी जोडलेलं सिम दुसऱ्या फोनात टाका. ज्या सिमवर ओटीपी येतो ते जुन्यातच राहिलं, तर नुसती अ‍ॅप काढून काम अर्धंच होतं. मग तो फोन बांधावर ई-पीक पाहणीच्या फोटोंना खुशाल वापरा, जीपीएस धड चालत असेल तोवर.