ट्रेनिंगला टाकलेल्या मुली आणि फ्रान्सिस ॲलन

प्लेसमेंटचा हंगाम उरकला की दर वर्षी हे कानावर येतं : "हुशार होती हो, पण ट्रेनिंगला टाकलं तिला." हिंजवडीत डेव्हलपमेंट, म्हणजे सॉफ्टवेअर लिहायचं काम, मिळालं तर पेढे, आणि नवख्यांना शिकवायचं काम मिळालं तर सांत्वन. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या मुलांना कंपायलर शिकवते, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. असं कोणी बोललं की मला संगणकशास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲलन आठवतात आणि गप्प बसवत नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकरी घरातली ही मुलगी, जन्म १९३२ चा. गणिताची शिक्षिका. मिशिगन विद्यापीठात पुढचं शिकताना कर्ज झालं, ते फिटेपर्यंत नोकरी करू आणि परत शाळेत जाऊ, म्हणून १९५७ मध्ये त्या आयबीएम या संगणक कंपनीत लागल्या. राहिल्या ४५ वर्षं.

पहिलं काम मिळालं ते शिकवण्याचंच. फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा तेव्हा नुकतीच आली होती आणि कंपनीतल्या शास्त्रज्ञांना ती शिकवायची होती. त्यांचा या भाषेवर काडीचा विश्वास नव्हता. हाताने लिहिलेल्या कोडची सर कंपायलरच्या कोडला येणारच नाही, असं त्यांचं मत. असल्या वर्गापुढे वरवरच्या माहितीवर निभाव लागत नाही. ॲलन यांनी फोरट्रान कंपायलरचा सोर्स कोडच वाचायला घेतला, आणि तिथून त्या कंपायलरच्या झाल्या त्या कायमच्या.

समजा, एक लूप, म्हणजे पुन्हापुन्हा चालणारा कोडचा तुकडा, दहा लाख वेळा फिरतोय आणि आतल्या एका गुणाकाराचं उत्तर दर फेरीला तेच येतंय. चांगला कंपायलर तो गुणाकार उचलून लूपच्या बाहेर ठेवतो, म्हणजे तो एकदाच होतो. पण त्यासाठी लूप कुठून सुरू होतो, उडी कुठे जाते, मधे कोणी ती किंमत बदलत तर नाही ना, हे त्याला आधी कळायला हवं. प्रोग्रामचे तुकडे (बेसिक ब्लॉक) पाडून त्यांच्यातल्या वाटांचा ग्राफ काढायचा आणि त्यावर हे सगळं ताडायचं, याची पक्की मांडणी ॲलन यांनी १९७० च्या निबंधात केली. आमच्याकडे ओरलला 'बेसिक ब्लॉक म्हणजे काय' हे हमखास विचारतात. ॲलन यांचं नाव कोणी विचारत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढे ऐंशीच्या दशकात त्यांनी, साधा फोरट्रान प्रोग्राम अनेक प्रोसेसरवर आपोआप कसा वाटून द्यायचा, यावर काम केलं. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने १९९१ मध्ये इथे पुण्यात परम ८००० हा महासंगणक उभा केला, तोही अनेक प्रोसेसरचाच.

१९८९ मध्ये त्या आयबीएमच्या पहिल्या महिला फेलो झाल्या; कंपनीतल्या तंत्रज्ञांसाठी हा सर्वोच्च मान. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९६६ पासून दिला जातो. तो मिळवणारी पहिली बाई ॲलन, २००६ चा. चाळीस वर्षं लागली!

पण ॲलन यांच्या हाती कोड होता, हे विसरू नका. माझ्या कित्येक माजी विद्यार्थिनींच्या हाती नुसती पीपीटी देतात आणि बॅच घ्यायला सांगतात. रिपॉझिटरी, म्हणजे कंपनीचा कोड जिथे ठेवलेला असतो ती जागा, उघडायची परवानगी नाही. मुलींनो, ती मागा, लेखी मागा. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी मॅनेजर असाल, तर तुमच्या ट्रेनिंगमधल्या मुलीला उद्याच ॲक्सेस द्या.